धीर न देण्याचं काम

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. पुढे जी माणसं येतील त्यांतलं कुणीही एका खऱ्या व्यक्तीचं चित्र नाही. अनेकांचे धागे उसवून, नव्याने शिवून ती उभी केली आहेत. आजार मात्र खरा आहे आणि त्यावरचं कामही खरं आहे. हा त्या कामाचा एक मंगळवार.

सकाळी ८.१५

पहिलं सेशन नऊला. त्याआधी फायली चाळायच्या. आजच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्यांचं निदान एकच आहे : जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, आमच्या बोलण्यात जीएडी. यातली काळजी एका गोष्टीला बांधलेली नसते. मुलाची परीक्षा संपली की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, ते पार पडलं की गृहकर्जाचा हप्ता, तो गेला की ऑफिसातली कपात. विषय बदलत राहतात, काळजी मुक्कामाला असते.

१९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने जुन्या ‘अँक्झायटी न्यूरोसिस’चे दोन भाग केले. ज्यांना भीतीचे अचानक झटके यायचे ते पॅनिक डिसऑर्डरमध्ये गेले आणि उरलेल्यांसाठी जीएडीची पाटी लागली. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत अति काळजी हा या आजाराचा गाभा ठरला आणि किमान मुदत सहा महिन्यांची झाली.

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवते : हा माणूस माझ्याकडे कशाची खात्री मागतो. ती ओळ सेशनआधी वाचावीच लागते. नाहीतर बोलण्याच्या ओघात ‘अहो, काही होत नाही’ असं तोंडून निघून जातं. समोरचा माणूस हलका होऊन घरी जातो, तो हलकेपणा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि रात्री तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. फरक इतकाच, की आता उत्तर मागायला एक दार वाढलेलं असतं.

९.००

नवीन नोंद. एका शाळेच्या मुख्याध्यापिका, फिजिशियनने पाठवलेल्या. हातात प्लॅस्टिकची जाड फाइल : ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी, थायरॉइड. सगळं नॉर्मल.

“मॅडम, मला मानसिक वगैरे काही नाही. मान धरते, पहाटे तीनला जाग येते आणि शाळेत पोरांवर उगाच खेकसते. एवढंच.”

जीएडीची माणसं बऱ्याचदा अशीच येतात, शरीराच्या वाटेने. निदानासाठी सहा लक्षणं पाहतात : अस्वस्थपणा, लवकर थकणं, मन एकाग्र न होणं, चिडचिड, स्नायू आखडणं आणि झोपेची तक्रार. मोठ्या माणसात यांपैकी किमान तीन हवीत, आणि त्यांच्या जोडीला काळजी आवरता न येणं. बाईंमध्ये पाच आहेत. चहा दिवसातून किती, इतर औषधं कोणती, कधी अचानक झटका येतो का, हे सगळं विचारते. मन उदास असतं का, मरावंसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारते. चिंता आणि नैराश्य पुष्कळदा जोडीने येतात आणि हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार पेरला जात नाही.

मग जीएडी-७ हा फॉर्म. २००६ मध्ये रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ही सात प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले की नीट तपासावं, पंधरा किंवा जास्त म्हणजे तीव्र. बाईंचे १६ येतात. निदान मात्र या आकड्यावर होत नाही, तासाभराच्या बोलण्यातून होतं, हे त्यांना सांगते.

उठताना त्या विचारतात, “पण हार्टचं नक्की काही नाही ना?”

“डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तेच मी पुन्हा सांगितलं, तर किती वेळ पुरेल?”

त्या विचार करतात. “रिक्षा स्टँडपर्यंत,” म्हणतात आणि स्वतःच हसतात. पेन्सिलीची ओळ तयार झाली.

१०.१५

सीएच्या फर्ममध्ये काम करणारा तिशीतला तरुण. उपचार सीबीटीच्या पद्धतीचे, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारे. त्याचा गृहपाठ : काळजीला वेळ ठरवून द्यायची. संध्याकाळी साडेसहा ते सात, घरातली एकच ठरलेली खुर्ची. दिवसभरात काळजी आली की ती वहीत एका ओळीत टिपायची आणि ‘साडेसहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. ही रीत पेन स्टेट विद्यापीठातल्या थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने १९८३ मध्ये मांडली. काळजी दाबायची नसते, फक्त पुढे ढकलायची असते.

वहीत दोन रकाने आहेत : ‘काय होईल असं वाटलं’ आणि ‘काय झालं’. पेन स्टेटच्याच लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी जीएडीच्या रुग्णांकडून अशा नोंदी करून घेतल्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ९१.४ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. हा आकडा मी पेशंटला सुरुवातीला सांगत नाही. सांगितला की त्याचाच धीर होतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘माझी काळजी उरलेल्या साडेआठ टक्क्यांतली असली तर?’ स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात जे दिसतं, त्याला असा फाटा फुटत नाही.

आज त्याच्या वहीतली मला आवडलेली नोंद खरी ठरलेल्या काळजीची आहे. डावीकडे : ‘रिटर्नमध्ये चूक निघेल, साहेब सगळ्यांसमोर बोलतील.’ उजवीकडे : ‘चूक निघाली. साहेब म्हणाले, रिव्हाइज करून टाक. केलं.’ वाईट घडलं आणि ते निस्तरताही आलं. न घडलेल्या दहा गोष्टींपेक्षा ही एक नोंद जास्त शिकवते.

त्याला आणखी एक भीती होती : इतका विचार करून एक दिवस डोकं फिरेल. मँचेस्टर विद्यापीठातल्या एड्रियन वेल्स यांच्या मेटाकॉग्निटिव्ह थेरपीत या काळजीच्या काळजीलाच महत्त्व आहे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस काळजीने जेवढा अडकत नाही, तेवढा ‘मला ती आवरत नाही, ती मला वेडं करेल’ या समजुतीने अडकतो. साडेसहापर्यंत पुढे ढकलणं हा त्या समजुतीवरचा प्रयोग आहे. आवरत नसती, तर ढकलता आली नसती.

“काल साडेसहाला काय केलंत?”

“बसलो. यादी वाचली. कंटाळा आला.”

हे वाक्य मी फाइलमध्ये जसंच्या तसं लिहून घेते.

११.३०

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर काका. त्यांच्याबरोबर शिथिलीकरणाचं काम चालू आहे. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू ताणून सैल सोडण्याची पद्धत पुस्तकात मांडली. पुढे स्वीडनच्या लार्स-गोरन ओस्ट यांनी तिच्यातून ‘अप्लाइड रिलॅक्सेशन’ घडवलं. आधी ताणून सोडायचं, मग न ताणता सोडायचं, मग श्वासाबरोबर एका शब्दावर सोडायचं, मग उभ्याने, चालताना. शेवटी वीस-तीस सेकंदांत, रांगेत किंवा फोनवर असताना सैल होता यायला हवं. तणावाची पहिली खूण ओळखायची आणि तिथेच हे कौशल्य वापरायचं, असा तो बेत.

काकांची अडचण वेगळी आहे. खांदे सैल पडले की ते दचकतात. “मॅडम, जरा शांत वाटलं की भीती वाटते. आपण गाफील राहिलो असं होतं.”

शिथिल झाल्यावर चिंता वाढणं ही नोंदलेली गोष्ट आहे. न्यूमन यांनी २०११ मध्ये तिचं एक स्पष्टीकरण दिलं : काही माणसं मुद्दाम थोडी अस्वस्थ राहतात, कारण निवांत असताना वाईट बातमी आदळली तर तो आघात सोसवणार नाही असं त्यांना वाटतं. वरून खाली पडण्यापेक्षा खालीच बसून राहिलेलं बरं. काकांनी उमेदीच्या काळात पावसाळ्यातल्या रात्री धरणावर जागून पाणीपातळीचे आकडे घेतले आहेत. तिथे गाफील न राहणं ही नोकरी होती. निवृत्तीबरोबर धरण सुटलं, पहारा चालूच राहिला.

म्हणून आम्ही सैल झाल्यावर थांबत नाही. भीती येते तेव्हा त्याच अवस्थेत आणखी थोडं बसतो, तिला येऊ देतो. अनुलोम-विलोम ते वर्षानुवर्षं करतात. तेही आता काळजी आली की पळून जायला वापरायचं नाही, सकाळच्या ठरल्या वेळीच करायचं. शांत होण्याचा प्रत्येक उपाय पळवाट बनू शकतो. श्वासालाही हे चुकत नाही.

१२.४५

डबा : भाकरी, मेथीची भाजी, आणि दोन फोन.

पहिला एका मनोविकारतज्ज्ञांचा. आमच्या दोघांच्या एका पेशंटला कधीकाळी झोपेसाठी क्लोनाझेपॅम मिळालं होतं आणि जुनंच प्रिस्क्रिप्शन दाखवून ते वर्षानुवर्षं चालू राहिलं. औषध देणं-थांबवणं हे माझं क्षेत्र नाही. डॉक्टर ते हळूहळू उतरवत आहेत, कारण एकदम बंद करणं धोक्याचं असतं. चिंतेवर दीर्घकाळासाठी जी औषधं देतात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ही गोळी मात्र तासाभरात शांत करते आणि तिथेच गोम आहे : ‘मी निभावलं’ याऐवजी मन ‘गोळीने निभावलं’ एवढंच शिकतं.

दुसरा फोन एका पेशंटच्या आईचा. “ती तुम्हाला काय काय सांगते हो?” २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. “ती काय सांगते ते मला सांगता येणार नाही, काकू. तुम्हाला घरात काय दिसतं ते मात्र सांगा.”

याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावर पैसे देतात आणि बोलण्याचे उपचार दाखल न होता होतात. त्यामुळे फी खिशातून जाते. ज्यांना ती झेपत नाही त्यांना सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात पाठवते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही हाताशी असतो.

दुपारी २.००

लातूर जिल्ह्यातून आलेला एमपीएससीचा विद्यार्थी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. पहिल्याच भेटीत ‘मॅडम, तू म्हणा’ म्हणाला.

इथे अनिश्चितता खोटी आहे असं म्हणणं हाच खोटेपणा ठरेल. परीक्षेच्या तारखा पुढे जातात, जागा कमी, बसणारे लाखोंनी. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात मिशेल ड्युगा, रोबेर लादुसर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जीएडीचं मूळ इथे दाखवलं : ज्याला अनिश्चितताच सोसत नाही, त्याला धोका किती मोठा आहे याने फरक पडत नाही. ‘कळत नाही’ एवढंच त्याला पुरे होतं.

त्यांच्या पद्धतीत काळज्यांचे दोन ढीग करतात. एक, आज समोर असलेल्या अडचणी : मेसचं बिल थकलंय, दुसरा फॉर्म भरायचा की नाही. यावर कागद घेऊन पर्याय मांडायचे, एक निवडायचा आणि करून बघायचा. दुसरा ढीग ‘झालं तर’चा : बाबांना काही झालं तर, वय निघून गेलं तर. इथे पर्याय शोधत बसणं म्हणजेच काळजी करणं.

दुसऱ्या ढिगासाठी आम्ही छोट्या डोसात अनिश्चितता घेतो. सराव परीक्षेनंतर उत्तरं एकाच ठिकाणी तपासायची, तीन टेलिग्राम ग्रुपवर नाही. मेसमध्ये ‘भाजी कशी आहे’ न विचारता ताट घ्यायचं. मेसेज पुन्हा न वाचता पाठवायचा. आधी भाकीत लिहायचं, मग काय झालं ते.

“सरांना न वाचता मेसेज पाठवला. त्यात ‘नमस्कार’च चुकला.”

“मग?”

“अंगठा आला.”

जाताना दारात थांबतो. “मॅडम, यंदा होईल का माझं?”

“मला माहीत नाही. तुलाही नाही.”

“क्लासवाले तर म्हणतात, होणारच.”

“तरी मला विचारलंस.”

तो मान हलवतो. वाईट वाटलेलं दिसतं आणि मी ते पुसायला जात नाही. हाच माझ्या कामाचा सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि तो कुठल्या पदवीने सोपा होत नाही.

३.१५

पन्नाशीच्या ताई आणि त्यांचे यजमान. मुलगी संध्याकाळी खराडीहून स्कूटरने घरी येते. ताई मोबाइलवर तिचं लाइव्ह लोकेशन बघत बसतात. ठिपका दोन मिनिटं हलला नाही की काका म्हणतात, “सिग्नल असेल.” पुन्हा थांबला की पुन्हा म्हणतात. मुलगी घरी येईपर्यंत हे चालतं.

काका प्रेमळ आहेत आणि थकले आहेत. घरच्यांनी दिलेला धीर जीएडीला खतपाणी घालतो, हे त्यांना पटतं. पण उत्तर न देणं त्यांना निर्दयी वाटतं. म्हणून वाक्य ताईंनाच लिहायला दिलं होतं. त्यांनी लिहून आणलंय : “आपण ठरवलंय, याचं उत्तर मी देणार नाही. चहा टाकू का?” प्रश्नाला उत्तर नाही, माणसाला सोबत आहे. हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं म्हणूनच ते चालेल.

ताईंची एक समजूत खोल आहे : मी लक्ष ठेवते म्हणून ती नीट घरी येते. छत्री घेतली की पाऊस येत नाही, त्यातलाच हा हिशेब. त्यावर वाद घालून काही होत नाही. मागच्या आठवड्यात त्या लग्नाला गेल्या आणि ठिपका बघायचं विसरल्या, त्या दिवशी काय झालं एवढंच विचारते. “आली की वेळेवर,” त्या जरा नाराजीनेच म्हणतात.

मग काका बाहेर बसतात. बोर्कोवेक यांचं एक निरीक्षण मला रोज उपयोगी पडतं : काळजी शब्दांत चालते, चित्रांत कमी. शब्दांचा पट्टा फिरत राहतो आणि भीतीचं खरं चित्र लांब ठेवतो. त्यामुळे ती भीती कधी पुरती अनुभवली जात नाही आणि सरतही नाही. म्हणून ताईंनी सर्वांत वाईट प्रसंग वर्तमानकाळात लिहिला आहे : फोन वाजतो, अनोळखी आवाज, हॉस्पिटलचा जिना. मध्ये ‘पण असं होणार नाही’ लिहायला मनाई आहे. त्या मोठ्याने वाचतात, रडतात, पुन्हा वाचतात. चौथ्या वेळी आवाज सपाट होतो. घरी रोज रेकॉर्डिंग ऐकायचं, मन त्याला सरावेपर्यंत. हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. ज्याच्या घरात असं काही नुकतंच घडलं आहे, त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं.

५.००

दोन शिकाऊ विद्यार्थिनी. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम त्या करत आहेत. परवानगी घेऊन केलेल्या सेशनचं रेकॉर्डिंग आम्ही ऐकतो. एकीचा रोख प्रश्न : “मॅडम, यातली सर्वांत चांगली थेरपी कोणती?”

पुरावा समोर ठेवते. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेची २०११ ची मार्गदर्शिका जीएडीसाठी सीबीटी किंवा अप्लाइड रिलॅक्सेशन सुचवते, दर आठवड्याला एक तास, साधारण १२ ते १५ सेशन. १९९३ मध्ये बोर्कोवेक आणि कॉस्टेलो यांनी या दोन्हींची तुलना नुसत्या सहानुभूतीने ऐकण्याशी केली. उपचार संपले तेव्हा दोन्ही पद्धती सारख्या ठरल्या आणि नुसतं ऐकणं मागे पडलं. २००९ मध्ये जर्मनीत फाल्क लायकसेनरिंग यांच्या गटाने सीबीटी आणि मनोविश्लेषणाच्या धाटणीची अल्पकालीन थेरपी शेजारी ठेवली. दोन्हींनी चिंता सारखीच उतरली, काळजीच्या मोजमापावर सीबीटी पुढे राहिली. योगाबद्दलही विचारणा होतेच. २०२० च्या एका अमेरिकी चाचणीत कुंडलिनी योग गटातल्या ५४ टक्के आणि सीबीटी गटातल्या ७१ टक्के लोकांना गुण आला. तणावाची फक्त माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. योग नुसत्या माहितीपेक्षा सरस, पण सीबीटीच्या तोडीचा ठरला नाही. आणि चांगले उपचार मिळूनही बऱ्याच जणांची लक्षणं पुरती जात नाहीत, हेही या मुलींना आत्ताच कळायला हवं.

आमच्याकडे महाराष्ट्रात आणखी एक धागा आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत आणली. त्यामुळे ‘असंच व्हायला पाहिजे’ या हट्टाला प्रश्न विचारणं पुष्कळ वाचकांना आधीच ठाऊक असतं.

मग मी माझं मत सांगते. या शाळा एकमेकींशी भांडतात ते ‘का’वरून. रुग्णाला करायला लावतात ते मात्र फार जवळचं आहे : ताबडतोब सुटका देणारी गोष्ट आज सोडून बघ. ती काळजी करणं असेल, तपासणं असेल, विचारणं असेल किंवा सतत सावध राहणं. ही सुटका सर्वांत सहज थेरपिस्टच देऊ शकतो, म्हणून आपल्यावर जास्त पहारा हवा.

“तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘काही होणार नाही’ कितीदा आलंय, मोज.”

ती मोजते आणि कपाळाला हात लावते. दुसरी विचारते, “मग धीर द्यायचाच नाही?” द्यायचा. ‘हे अवघड आहे आणि तुला जमतंय’ हे म्हणायचं, कारण ते दिसतंय. ‘वाईट होणार नाही’ हे म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नाही.

६.३०

दिवसाचं शेवटचं सेशन, आणि या पेशंटचंही. औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करणाऱ्या बाई. जीएडी-७ चे गुण पहिल्या भेटीत १७ होते, आज ६. शून्य झाले नाहीत. तसं उद्दिष्टही नव्हतं. मुलीला ताप आला तर काळजी वाटणारच, ती रात्रभर इंटरनेटवर शोधत बसायला लावत नाही एवढं बस.

आजचं काम म्हणजे आजार पुन्हा उलटू नये याची तयारी. चिंता पुन्हा वाढल्याच्या खुणा कोणत्या, कोणत्या महिन्यात जोर असतो, कोणता गृहपाठ पहिल्यांदा काढायचा. आम्ही ते एका पानावर लिहितो.

पान घडी करताना त्या म्हणतात, “आणि पुन्हा झालं तर?”

“होऊ शकतं. मग?”

“मग...” त्या पान उघडत नाहीत. “वही काढायची. साडेसहाची वेळ लावायची. ह्यांना सांगायचं, मला उत्तर देऊ नका. पंधरा दिवसांत उतरलं नाही तर तुम्हाला फोन.”

“पुढची तारीख लिहून ठेवू का?”

“नको. लागलं तर करेन.”

त्या गेल्यावर फोनवर फी जमा झाल्याचा मेसेज येतो. उपचार सुरू झाले तेव्हा याच मेसेजपाठोपाठ त्यांचा स्क्रीनशॉट यायचा, मग ‘मिळाले ना मॅडम?’ आणि थोड्या वेळाने ‘चेक केलंत का?’ आज त्यांतलं काहीच आलेलं नाही.